भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक: तब्येतीसाठी यापेक्षा चांगलं जेवण मला दिसत नाही. तुमचं मत?

माणदेशी:
आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्या पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेले लोक १० कोटींच्या वर आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींहून जास्त, ते वेगळेच. आणि आपण ओट्स, किनोआ शोधत फिरतोय.

सोलापूर, मंगळवेढा, माण, आटपाडी या पट्ट्यातलं जुनं जेवण घ्या. रब्बीच्या मालदांडी ज्वारीची भाकरी. तिच्याबरोबर मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, किंवा पिठलं. अंबाडी, घोळ, तांदुळजा, चाकवत यातलं जे मिळेल ते. कारळाची नाहीतर जवसाची चटणी, कच्चा कांदा, ताक. तेल फोडणीपुरतं. मटण यात्रेला नाहीतर पाहुणा आला तर.

ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. पीठ कोंड्यासकट दळलेलं, त्यामुळे चोथा पोटात जातो. जवसात ओमेगा-३ आहे. वर शेतातली कामं, चालणं, दिवेलागणीला जेवण. आता सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी मैदा, रात्री दहाला जेवण आणि दिवसभर खुर्ची.

माझं म्हणणं एवढंच: दिवसातलं एक जेवण तरी पुन्हा असं करा. मांस सोडा असं मी म्हणत नाही, ते ताटाच्या कडेला असू द्या.

कृष्णाकाठ:
मी आरोग्य केंद्रात काम करते. चोथा आणि तेलाबद्दल तुमचं बरोबर आहे, पण ब-१२ जीवनसत्त्वाचं काय? ते वनस्पतींतून मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. शेतात राबणाऱ्या, जवळजवळ शाकाहारी जेवणाऱ्या बायका. त्यातल्या बहुसंख्य जणींमध्ये ब-१२ कमी निघालं. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट (पालेभाज्या-कडधान्यांतलं एक ब जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे ज्या मधुमेहावर तुम्ही भाकरीचा उतारा सांगताय, त्याची एक वाट याच ताटातून जाते.

आणि शेतातल्या कामाचं कौतुक जपून करा. याच अभ्यासात गरोदरपणी जास्त कष्ट पडलेल्या बायकांची बाळं लहान भरली.

माणदेशी:
ताई, हा अभ्यास मलाही महत्त्वाचा वाटतो. पण त्यातलंच दुसरं सांगतो. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं चांगल्या वजनाची झाली. मी ज्या ताटाबद्दल बोलतोय त्यात पालेभाजी आणि ताक आहेच. नुसत्या भाकरी-चटणीला मी आदर्श म्हणत नाही. ब-१२ कमी असेल तर गोळी घ्यावी, त्यात कमीपणा कसला?

कृष्णाकाठ:
गोळी द्यावी लागली तर ते ताट पुरं पडत नाही हे मान्य करा, एवढंच म्हणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे.

माणदेशी:
तोच आकडा बघा. चौथ्या पाहणीत ४८ टक्के, पाचव्या पाहणीत ५४. या काळात घराघरांतली ज्वारी वाढली की कमी झाली?

कृष्णाकाठ:
त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे धान्यातलं लोह अंगी लागत नाही, हे रसायन आहे. जेवताना लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा घेऊ नका, कडधान्य मोड आणून खा, हे मी रोज सांगते. तरी नुसत्या अन्नाने भरून येत नाही.

सुकट_बोंबील:
पारंपरिक म्हणजे कुणाचं? तुम्ही लिहिलेलं ताट दोन दुभती जनावरं आणि विहीर असलेल्या घरचं आहे. आमच्या घरात सुकट, अंडी, खेकडे, वजडी होती, आणि तीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्याला कुणी परंपरा म्हणत नाही.

आणि बायका शेवटी जेवायच्या. उसळ संपलेली, भाजीचा रस्सा उरलेला. तुमच्या ताटातली कडधान्यं आणि ताक त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. ७२ च्या दुष्काळात लोकांनी मिलो ही परदेशातून आलेली ज्वारी आणि मदतीत मिळालेली सुकडी खाऊन दिवस काढले. त्याआधी, १९६० मध्ये, हैदराबादच्या संशोधन संस्थेतल्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दाखवलं होतं की दख्खनमध्ये पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) होतो तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने हे होतं असं त्यांचं म्हणणं होतं. नुसती भाकरी खाल्ली की असं होतं, आणि बहुतेकांच्या वाट्याला नुसती भाकरीच होती.

तळकोकण:
आमच्याकडे भात आणि माशाची आमटी, पावसाळ्यात कुळथाची पिठी. देशावरची भाकरी सगळ्या महाराष्ट्राला लावू नये.

डोंबिवलीकरीण:
सगळं खरं, पण भाकऱ्या थापणार कोण? सकाळी ६.४० ची लोकल पकडायची असते. पोळ्या रात्री करून डब्यात भरता येतात, भाकरी गार झाली की वातड होते. या चर्चेत पुरुष आहार सांगतात आणि काम बाईच्या अंगावर पडतं. कुकरला मोडाची मटकी आणि भात लावला तर चालेल का, हे सांगा.

माणदेशी:
चालेल, उत्तम. माझा जोर कडधान्य आणि पाल्यावर जास्त आहे. आणि भाकरी पुरुषांनीही शिकावी. गरम पाण्यात उकड काढून पीठ मळलं की नवशिक्यालाही जमते.

सुकट_बोंबील, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो. ते ताट मूठभरांच्या वाट्याला आलं म्हणून वाईट ठरत नाही. ते सगळ्यांना मिळायला हवं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोने द्यायची तरतूद केली होती. प्रत्यक्षात रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळच येत राहिले, आणि बाजारात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग. रेशनवर ज्वारी आणि डाळ कायम मिळाली पाहिजे, ही मागणी आपण दोघंही करू शकतो.

सुकट_बोंबील:
मागणीला माझा पाठिंबा आहे. त्यात अंडं घाला. शाळेतल्या पोरांना आणि अंगणवाडीतल्या गरोदर बायांना, जे खातात त्या सगळ्यांना. मटण यात्रेलाच, हे वाक्य मात्र तुम्ही काढून टाका. ज्यांना रोज परवडत नव्हतं त्यांच्या नाइलाजाला तुम्ही आहारशास्त्र म्हणताय.

माणदेशी:
अंडं मान्य. ते वाक्य मी काढणार नाही. आज शहरात आठवड्यातून चार वेळा तेलात तरंगणारं चिकन खाणाऱ्यांसाठी ते लिहिलंय, अंगणवाडीतल्या बाईसाठी नाही.

कृष्णाकाठ:
मग तसं वरच्या लेखात स्पष्ट लिहा. आमच्या केंद्रात येणाऱ्या सासवा एवढंच वाचतात की सुनेला मटण-अंडं नको.