मॅमोग्राफी: गेलात? टाळलीत? का?

केतकी_पान
काल कपाट आवरताना जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात २०१६ची चिठ्ठी सापडली. डॉक्टरीणबाईंनी 'मॅमोग्राफी करून घ्या' असं लिहिलेली. म्हणजे कॅन्सर लवकर कळावा म्हणून काढतात तो स्तनांचा एक्स-रे. मी तेव्हा ४२ची. गेले चार वर्षांनी, तेही मावसबहिणीला गाठ निघाल्यावर. दुखेल म्हणून नव्हते टाळत. गेलं की काहीतरी निघेल, मग जायचंच नाही, हा माझा तर्क! तुम्ही कशा गेलात, किंवा का नाही गेलात, लिहा ना.

मोगरा५१
नाही गेले अजून. आयडीत वय आहेच. ओरडा आता.

केतकी_पान
ओरडत नाही गं. काय आडवं येतंय ते तरी सांग.

मोगरा५१
काहीच नाही, तीच तर गंमत. तब्येत ठणठणीत आहे, मग कशाला उकरून काढा.

सायली_उवाच
ठणठणीत असतानाच करायची असते ती, मोगराताई. हाताला लागायच्या आधी दिसावं म्हणून.
दुखतं का विचारणाऱ्यांसाठी: दोन प्लेटांमध्ये दाबतात, काही सेकंद. प्रत्येक बाजूचे बहुधा दोन फोटो. कळ येते, सोडलं की जाते. पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, हुळहुळ कमी असते. पावडर, डिओ काही लावू नका, फोटोत ठिपके दिसू शकतात. मी मस्त सुगंधी होऊन गेले होते, सगळं पुसायला लावलं :ड

अबोली
मी दारातून परत आले होते. आत पुरुष तंत्रज्ञ. त्याची काही चूक नाही, पण पाऊलच उचलेना. घरी सांगितलं, मशीन बंद होतं. त्यानंतर दोन वर्षं गेले नाही. मग दुसरीकडे फोन करून विचारलं, बाई आहेत का? होत्या. इतकं सोपं होतं. पण आधी विचारता येतं हेच सुचलं नव्हतं.

टिंगलखोर_मांजर
ती चिठ्ठी इतकी वर्षं पर्समध्ये टिकली?? माझ्या पर्समध्ये किल्ली टिकत नाही.

नर्मदा_क
आमच्याकडे 'आपल्या घरात कुणाला कॅन्सर नाही' हे पालुपद. आत्याला झाला तेव्हाही घरात कुणालाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरी आधी कुणाला नसतोच.

वारा_सुटला
माझं उलट. गेले, आणि रिपोर्टवर 'बायरॅड्स ०'. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या निकालाला देतात तो क्रमांक. मला वाटलं शून्य म्हणजे कारभार आटोपला. शून्य म्हणजे अजून तपासणी हवी एवढंच, हे चार दिवसांनी कळलं. सोनोग्राफीत साधी पाण्याची गाठ निघाली. पण खरं सांगू? त्यानंतर पुन्हा गेले नाही. ते चार दिवस परत नकोत.

सायली_उवाच
वाऱ्या, मिठी. परत बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना कॅन्सर नसतोच. पण हे पहिल्याच दिवशी तोंडाने सांगायला काय जातं यांचं!

उगाच_उत्तर
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? आईला दोन वर्षं लेख पाठवले. वाचायची, अंगठा दाखवायची, गप्प. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'मी चाललेय, येता का सोबत?' आणि दोघी नटूनथटून गेल्या. माझे लेख गेले पाण्यात.

अबोली
अगदी अगदी. सोबत हवी.

नर्मदा_क
आणि नक्की कोणत्या वयात करायची? अमेरिकेत कुठली तपासणी कधी करावी ते सुचवणाऱ्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये ४० ते ७४, दर दोन वर्षांनी असं सांगितलं. त्याआधी ५० म्हणत होते. ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावतात. एवढे मतभेद ऐकले की बाई म्हणते, आधी तुमचं ठरू द्या.

सायली_उवाच
तो घोळ काही त्रास नसणाऱ्यांसाठी. गाठ, खळगा, स्राव दिसला तर वय मोजत बसू नका, थेट दाखवा.

वारा_सुटला
मोगराताई, तुम्ही जाणार असाल तर मीही त्याच दिवशी माझ्या इथे नंबर लावते. फोनवर सोबत.

मोगरा५१
बघ हं, शब्द देतेस. आत्ता लावला फोन, एंगेज. कपडे वाळत घालून परत लावते.

टिंगलखोर_मांजर
तोवर 'पर्समध्ये काय काय सापडलं' असा वेगळा धागा काढा कुणीतरी. माझ्यात लेकाचा दुधाचा दात आहे. लेक कॉलेजात जातो.