स्पायसर विद्यापीठ १९१५ चे की २०१४ चे?

प्रश्न (जुळे सोलापूर)
माझ्या भाचीला बारावीनंतर इंग्रजी घेऊन बी.ए. आणि पुढे बी.एड. करायचे आहे. पुण्याच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठाचे नाव तिच्या मैत्रिणीने सुचवले. आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांकडे भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र आहे. त्यावर मात्र ‘स्पायसर मेमोरियल कॉलेज’ असे छापलेले आहे. कोणी ही संस्था शंभरीपार गेलेली सांगते, कोणी २०१४ ची. खरे काय धरावे, आणि तिथली पदवी आपल्या विद्यापीठाच्या पदवीइतकीच ग्राह्य असते का?

उत्तर (होटगी रस्ता)
दोन्ही खरे आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने १९१५ मध्ये कोइमतूरला एक लहानशी प्रशिक्षण शाळा काढली. ती पुढे बंगळूरला गेली, १९४२ मध्ये पुण्यात स्थिरावली, आणि विल्यम स्पायसर या पंथाच्या धुरीणाचे नाव तिला मिळाले. २०१४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतंत्र अधिनियम केल्यावर तिचे खासगी विद्यापीठ झाले.

आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? दयानंद महाविद्यालय १९४० चे, पण केगावचे सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ चे. त्याआधी आमच्या पिढीच्या पदव्यांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का असे, आणि एका गुणपत्रिकेसाठी कोल्हापूरची एसटी धरावी लागे.

ग्राह्यतेचे म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार असतो, मग ते सरकारी असो वा खासगी. खासगी विद्यापीठाला बाहेरची महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत, म्हणून त्याचा पसारा स्वतःच्या आवारापुरता राहतो.

उत्तर (पूर्व भाग)
माझी धाकटी बहीण तिथे शिकली. धर्मशास्त्र हा त्या संस्थेचा मूळ विषय असला, तरी कला, वाणिज्य, विज्ञान, व्यवस्थापन, संगणक आणि शिक्षणशास्त्र हे अभ्यासक्रमही तिथे चालतात. अभ्यासासोबत हाताने काम करण्यावर पंथाचा भर असल्याने आवारातच बेकरी आहे; बहीण सुट्टीत येताना तिथला ब्राउन ब्रेड आणायची आणि आई तो शेंगाचटणीशी वाढायची. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा विश्रांतीचा वार असतो, त्या वेळात कामकाज बंद राहते. बी.एड. कुठेही करा, पण राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता प्रवेशाच्या वर्षी चालू आहे का, ते कागदावर पाहूनच शुल्क भरा.

प्रश्नकर्ता (जुळे सोलापूर)
मनःपूर्वक आभार. आम्ही नेमके शनिवारीच हुतात्मा एक्सप्रेसने जाणार होतो. आता सोमवारची तिकिटे काढतो आणि मान्यतेचे पत्र पाहायला मागतो.