साखर पकडणारं प्रोटीन आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर, कोणी सांगेल का?

पंचवटीकर: मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघालाय, ट्रीटमेंट नाशिकलाच चालूए. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की गॅलेक्टिन नावाचं साखर पकडणारं प्रोटीन गाठ वाढवतं, झालं, मामींनी साखरेचा डबा माळ्यावर टाकला अन् मामा फिक्का चहा बघून रोज चिडतात. खरंच संबंध आहे का?

लॅबवाला_सिडको: अरे ती चहातली साखर नाही रे! पेशीच्या बाहेर प्रोटीनला साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात, त्यातल्या गॅलॅक्टोजला गॅलेक्टिन धरतं. गॅलेक्टिन-१ हा त्यातला एक प्रकार, तो टी पेशींच्या (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साखळ्या धरून त्यांना मरायला लावतं, म्हणजे पहारेकरीच आडवा, आणि स्वादुपिंडात गाठीभोवती जो कडक जाळीसारखा थर होतो ना त्यातल्या पेशीच हे भरपूर सोडतात, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारे उपचार) तिथे सहसा चालत नाही त्याचं हेही एक कारण. फाईलमध्ये सीए १९-९ ही रक्ततपासणी असेल बघ, त्यात मोजतात तीपण साखरेची साखळीच.

ताई_गंगापूररोड: मग संत्र्याच्या सालीच्या पेक्टिनची पावडर? ती गॅलेक्टिन-३ अडवते म्हणतात, आमच्याकडे एकाने डबाच गळ्यात मारला.

लॅबवाला_सिडको: ताई, प्रयोगशाळेत अडवते, पण पेशंटचा कॅन्सर त्याने आटोक्यात येतो असं सिद्ध नाही. गॅलेक्टिन अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालूएत. पावडर देण्याआधी डॉक्टरांना दाखवाच.

पंचवटीकर: म्हणजे चहात साखर चालेल?

लॅबवाला_सिडको: शुगर नसेल तर घालू दे की, वजन उतरतंय त्यांचं. शुगर असेल तर डॉक्टरांना विचार.

पंचवटीकर: डबा काढतो माळ्यावरून 😄