मदत हवी आहे: डॉक्टर सकाळी ‘सोडा’ म्हणतात, पेशंट घरी जातो संध्याकाळी. मधला वेळ कसा कमी करायचा?

केतकी_२१

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या १२० खाटांच्या हॉस्पिटलात प्रशासनात काम करते. इथे हॉस्पिटलात काम केलेले, क्वालिटी बघणारे, मेडिक्लेमची बाजू माहीत असलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे रोज साधारण ३० डिस्चार्ज होतात. राउंड सकाळी दहा ते बारा. राउंडला ‘आज सोडा’ म्हटलेला पेशंट प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत पाच वाजतात, कॅशलेस असेल (म्हणजे बिल विमा कंपनी थेट भरणार असेल) तर सहा-सात. त्याच वेळी कॅज्युअल्टीत आलेला माणूस ट्रॉलीवर पडून असतो, कारण वर खाट नाही. नातेवाईक बिलिंगच्या खिडकीवर ओरडतात. विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये दर वेळी ‘बिलिंग स्लो आहे’ असं ठरतं. मागे बिलिंगला एक माणूस वाढवून दिला, तरी पाच वाजायचे ते वाजतातच.

म्हणून मी एका फाइलच्या मागे सकाळपासून फिरले. न्यूमोनियाच्या आजी, जतकडच्या, कॅशलेस. सव्वादहाला कन्सल्टंट म्हणाले, ‘आज घरी.’ फाइल नर्सिंग स्टेशनवर राहिली साडेबारापर्यंत, कारण समरी (घरी जाताना द्यायचा आजाराचा गोषवारा) लिहिणारे आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, कॅज्युअल्टीत अडकले होते. समरी टाइप होऊन आली एक दहाला. सहीसाठी थांबली, सर ऑपरेशन थिएटरमध्ये. दरम्यान सिस्टरांनी उरलेली इंजेक्शनं आणि गोळ्या मोजून मामांबरोबर (वॉर्डबॉयबरोबर) फार्मसीत परत पाठवल्या, तिथे जेवणाची वेळ. परताव्याची नोंद अडीचला झाली, सही दोन चाळीसला. बिलिंगमध्ये फाइल पोचली दोन पन्नासला. बिल करायला लागली बारा मिनिटं. मग लक्षात आलं की टू-डी एकोचा (हृदयाच्या तपासणीचा) चार्ज चढलेलाच नाही, फोनाफोनी. तीन वीसला इन्शुरन्स डेस्कने सगळं पोर्टलवर पाठवलं. चार चाळीसला क्वेरी आली, एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) रिपोर्ट जोडलेला नाही. तो जोडला. सहा पाचला अप्रूव्हल. व्हीलचेअर आणि मामा मिळून आजी दारात आल्या साडेसहाला.

सव्वाआठ तास. त्यात फाइलला प्रत्यक्ष कुणाचा तरी हात लागलेला होता असा वेळ जेमतेम सव्वा तास. बाकी सगळा वेळ फाइल कुठेतरी ठेवलेली होती आणि पुढच्या माणसाला ती आपल्यासाठी थांबली आहे हे माहीत नव्हतं. आजींचा मुलगा औषधांची पिशवी हातात धरून दुपारपासून तीनदा मला विचारून गेला, ‘मॅडम, आमची साडेपाचची गाडी मिळंल का?’ ती गेली. रात्री स्टँडवर त्यांनी किती वेळ काढला असेल याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पेशंट बरा झाल्यावर त्याचा असा एक अख्खा दिवस आपण घेतो, हे मला मान्य होत नाही.

प्रश्न असे:
१. सुरुवात कुठून करावी? समरी, औषधांचा परतावा, बिलिंग की इन्शुरन्स?
२. वेळ मोजायचा आहे, पण कर्मचाऱ्यांना आपल्यावर पाळत ठेवली असं वाटू नये. कसं करता?
३. कन्सल्टंट बाहेरून येणारे आहेत. ‘उद्या कोण जाणार’ हे आदल्या दिवशी सांगा असं त्यांना कसं पटवायचं?

नवीन सॉफ्टवेअर घ्या हा सल्ला कृपया नको. त्यासाठी पैसे नाहीत.

मेट्रन_निवृत्त

केतकीताई, फाइलच्या मागे फिरलात हे फार बरं केलंत. बरेच ॲडमिन खालीच बसून फोन करतात.

माझी नोकरी वॉर्डात गेली, म्हणून वॉर्डाचं सांगते. साडेदहा ते साडेबारा ही सिस्टरची सगळ्यात वाईट वेळ. राउंडच्या ऑर्डरी उतरवायच्या, दुपारच्या औषधांचं इंडेंट (मागणी), ड्रेसिंगं, ओटीला पेशंट पाठवायचे आणि त्यातच चार डिस्चार्ज. या वेळात ती गोळ्या मोजत बसणार नाही. बसूही नये. हातात इंजेक्शन असताना मन गोळ्यांच्या हिशोबात नको.

आम्ही एक केलं होतं. संध्याकाळच्या पाळीची सिस्टर सात वाजता उद्या जाऊ शकतील अशा पेशंटची नावं काढायची. हे तिला डॉक्टरांनी सांगावं लागत नाही. ताप उतरलाय, सलाईन काढलंय, तोंडाने घेतोय, तिला दिसतंच. त्या पेशंटचं औषध दोन दिवसांचं न मागवता फक्त सकाळपर्यंतचं मागवायचं. मग परत करायला काही उरतच नाही! परतावा लवकर करायच्या मागे लागण्यापेक्षा तो होऊच नये हे बघा. उरलंसुरलं रात्रपाळीने मोजून ठेवायचं.

नातेवाइकांनाही त्याच संध्याकाळी सांगायचं, ‘उद्या बहुतेक सोडतील, पैशांची आणि गाडीची तयारी ठेवा.’ ‘बहुतेक’ हा शब्द मात्र सोडू नका. कित्येकदा बिल तयार असतं आणि मुलगा गावाहून यायचा असतो, त्यात दोन तास जातात. त्याचं खापरही हॉस्पिटलवरच फुटतं.

प्रशांत_क्वालिटी

वर मेट्रनबाईंनी लिहिलंय ते सोनं आहे. मी मोजण्याबद्दल लिहितो.

आधी सुरुवात आणि शेवट कशाला म्हणायचं ते ठरवा. हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या निर्देशकांत डिस्चार्जला लागणारा वेळ येतोच, पण काही ठिकाणी घड्याळ समरी तयार झाल्यावर सुरू करतात आणि बिल भरल्यावर थांबवतात. आकडा छान दिसतो, पेशंट खाटेवरच असतो. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं तिथून खाट रिकामी होईपर्यंत, असंच धरा. रोख, कॅशलेस आणि सरकारी महात्मा फुले आरोग्य योजनेचे पेशंट वेगवेगळे मोजा. तिघांची सरासरी एकत्र काढली तर काहीच कळत नाही.

पाळत वाटू नये म्हणून: फाइलच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवा. माणसाचं नाव नको, फक्त टप्पा आणि वेळ. फाइल आली किती वाजता, पुढे गेली किती वाजता. आल्याची वेळ फार महत्त्वाची आहे. नुसती गेल्याची वेळ लिहिली की बिलिंगवाल्याच्या नावावर आरएमओचे दोन तासही चढतात, आणि तुमच्याकडे नेमकं तेच झालेलं दिसतंय. दोन आठवडे पुरेत. आकडे आले की आधी वॉर्डातल्या लोकांना दाखवा, विश्वस्तांना नंतर.

विश्वस्तांना पटवायला एक साधा हिशोब. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: दर तासाला किती येतात गुणिले प्रत्येक जण किती तास थांबतो, बरोबर सरासरी किती जण आत अडकलेले असतात. तुमचे रोजचे ३० डिस्चार्ज, प्रत्येकी ७ तास धरू. ३० गुणिले ७ म्हणजे २१० तास, भागिले २४. पावणेनऊ खाटा. म्हणजे वर्षभर जवळजवळ नऊ खाटांवर घरी जायला मोकळे झालेले पेशंट आहेत. ७ चे ४ तास केलेत तर हा आकडा ५ वर येतो. बांधकाम न करता पावणेचार खाटा मिळतात. ही झाली चोवीस तासांची सरासरी. प्रत्यक्षात हे सगळे तास दिवसाउजेडी पडतात, दुपारी एक वाजता मोजलंत तर वीसच्या पुढे खाटा अशा निघतील. आणि कॅज्युअल्टीची ट्रॉलीही तेव्हाच अडकते ना?

बिलिंगला माणूस वाढवून फरक का पडला नाही, तेही यातच आहे. बारा वाजेपर्यंत त्यांच्याकडे फाइलच नसते आणि दोननंतर सगळ्या एकदम येतात.

सावंतवाडीकर

आमच्या वडिलांच्या वेळी अगदी हेच झालं होतं. निदान नातेवाइकांना ‘फाइल आत्ता कुठे आहे’ एवढं तरी कुणीतरी सांगावं. अर्धा राग तिथेच उतरतो. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

क्लेमवाली

मी टीपीएत (विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेत) होते, आता हॉस्पिटलच्या बाजूने हेच काम करते.

विमा नियामक आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचे. पेशंट दगावला असेल तर क्लेम ताबडतोब बघून पार्थिव लगेच ताब्यात मिळेल असं करायचं, हेही त्यात आहे. हे डेस्कवर सगळ्यांना माहीत हवं.

पण तीन तास मोजायचे ते तुमची विनंती त्यांच्याकडे पोचल्यापासून. तुमची पोचली तीन वीसला. सहा पाचला मंजुरी म्हणजे त्यांनी वेळ पाळली. त्याआधीचे पाच तास हॉस्पिटलातच गेले होते.

क्वेरी नेहमीच्या ठरावीक असतात: बिलात तपासणी आहे पण रिपोर्ट नाही, स्टेंट किंवा इम्प्लांटचं स्टिकर आणि इन्व्हॉइस नाही, फार्मसीचं बिल तपशिलाशिवाय, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे ॲडमिशनच्या कागदावर ‘तीन दिवसांपासून ताप’ आणि समरीत ‘दहा दिवसांपासून’. शेवटच्या दिवशी हे निस्तरायचं म्हणजे गोंधळ. डेस्कच्या माणसाने रोज दुपारी वॉर्डात जाऊन कॅशलेस फाइली चाळाव्यात. रिपोर्ट आला की त्याच दिवशी स्कॅन, चार्ज त्याच दिवशी चढवलेला. आदल्या रात्रीपर्यंतचं बिल तयार असलं की सकाळी फक्त शेवटच्या दिवसाचे आकडे घालायचे राहतात. आजींचा एको आणि एचआरसीटी दोन्ही यात आधीच सापडले असते.

डॉ_मिलिंद

इथे फिजिशियन म्हणून थोडं वेगळं बोलतो.

कन्सल्टंटला ‘आकडा कमी करायचाय’ म्हणून पटवू नका. आम्हाला लगेच वाटतं की पेशंटला घाईने बाहेर काढायला सांगताहेत. कॅज्युअल्टीत ट्रॉलीवर पडलेला पेशंट त्यांचाच असतो, त्याच्याबद्दल बोला. आणि ‘उद्या नक्की कोण’ विचारू नका, ‘उद्या सोडायला कशाची वाट बघायची’ हे विचारा. ‘सकाळचं क्रिएटिनिन ठीक आलं आणि रात्री ताप नसेल तर’ एवढं मी संध्याकाळी फोनवर सांगू शकतो. मग ते रक्त पहाटे सहाला घेतलं जाईल, दहाला नाही. नुसत्या एवढ्याने तुमचे दीडेक तास वाचतील.

समरी मात्र घाईत नको. कुठली गोळी बंद केली, कुठली नवीन, हे चुकलं तर पेशंट आठवड्यात परत येतो. ॲडमिशनच्या दिवशीच समरी उघडायची आणि रोज दोन ओळी घालायच्या. शेवटच्या दिवशी फक्त औषधं आणि सल्ला. डिस्चार्जच्या वेळेबरोबर ३० दिवसांत परत भरती झालेलेही मोजा, नाहीतर एक आकडा सुधारताना दुसरा बिघडलेला कळणार नाही.

चिठ्ठीबद्दल एक काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासयादी २००८ ची. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आल्याचं २००९ मध्ये छापून आलं. पुढे कॅनडातल्या ओंटारियोत १०१ हॉस्पिटलांत ती लागू झाली आणि २०१४ च्या अभ्यासात म्हणावा असा फरक दिसला नाही. कागद तोच होता. माझ्या मते टीमने थांबून मोठ्याने वाचणं आणि नंतर बसून टिकमार्क करणं यात सगळा फरक आहे. तुमच्या चिठ्ठीवर संध्याकाळी पाचला बसून कुणी सगळ्या वेळा भरत असेल तर ती फाडून टाका.

केतकी_२१

सगळ्यांचे मनापासून आभार. मेट्रनबाई, औषध परत करायची वेळच येऊ न देण्याचं इथे कुणाच्या मनात आलं नव्हतं. फार्मसीत परतावा लवकर कसा घ्यायचा यावरच चर्चा चालायची. क्लेमवाली, आजच डेस्कच्या मुलाला परिपत्रक वाचायला दिलं आणि दुपारी वॉर्डात पाठवलं.

असं ठरवते आहे. आधी एकच वॉर्ड घेते, फीमेल मेडिकल. तिथल्या इन्चार्ज सिस्टर स्वतःहून तयार आहेत आणि तिथले एक कन्सल्टंट संध्याकाळीही येतात. पहिले दोन आठवडे काहीच न बदलता फक्त चिठ्ठी. मग संध्याकाळची सातची यादी, डॉक्टरांनी सांगितलेल्या ‘कशाची वाट बघायची’ या ओळीसकट. विश्वस्तांपुढे पावणेनऊ खाटांचा हिशोब ठेवणार आहे. बिलिंगच्या मुलींनाही तो दाखवणार, कारण इतके महिने त्यांनीच ऐकून घेतलंय.

एक प्रश्न अजून राहिला. आरएमओ एकच, कॅज्युअल्टी आणि वॉर्ड दोन्हीकडे. समरी रोज थोडी लिहायची म्हटली तरी लिहिणारा तोच. कुणाकडे हे काम सिस्टर किंवा टायपिस्टकडे काही प्रमाणात दिलंय का? तपासण्यांचे निकाल, तारखा, ऑपरेशनचं नाव एवढं त्यांनी भरावं आणि निदान-औषधं फक्त डॉक्टरांनी, अशी विभागणी चालते का? सही करण्याआधी डॉक्टर ते खरंच वाचतात का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया लिहा, चाललं नसेल तर तेही लिहा.