‘कामगार कल्पना देत नाहीत’ म्हणे!

भोसरीकर: काल इथे एका एचआर मॅडमची पोस्ट वाचून डोकं फिरलं. सजेशन बॉक्स लावला, कायझेनची, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांची, बक्षिसं ठेवली, तरी कामगार माहिती दाबून ठेवतात, मग इनोव्हेशन होणार कसं? अहो, माहिती असलेला माणूस तुम्ही टिकू देता का? आमच्याकडे गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला जॉबचा, म्हणजे मशीनवरच्या पार्टचा, बोअर (आतलं भोक) साइजबाहेर जायचा. एक टेम्पररी पोरगा लवकर येऊन मशीनचा फिरता दांडा, स्पिंडल, मोकळा फिरवायचा, मशीन तापलं की मगच जॉब लावायचा. सेटअप शीटवर यातलं काही नाही. सात महिने भरले, पोराला ब्रेक, म्हणजे घरी. पुढच्या शुक्रवारी रिजेक्शनचा लाल डबा भरला आणि क्वालिटीवाले इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, बदलत बसले! ब्रेक कशाला, तर वर्षात २४० दिवस भरून कायद्याने सलग नोकरी धरली जाऊ नये म्हणून.

एचआर_बाणेर: पोस्ट माझीच. ब्रेक मालक ठरवतो, शिव्या एचआरला. आणि पोराची युक्ती तुम्हाला ठाऊक होती, मग शीटवर तुम्ही का नाही चढवली? टोयोटात सजेशन योजना १९५१ पासून चालू आहे.

भोसरीकर: तिथे माणूस वर्षानुवर्षं टिकतो, ते बरं गाळलंत.

हिंजवडी_फेज३: आमच्याकडे बेल कर्व्ह, म्हणजे चांगलं रेटिंग ठराविक जणांनाच. शेजाऱ्याला शिकवलं की तोच माझं रेटिंग खातो. मायक्रोसॉफ्टने हे २०१३ मध्ये बंद केलं, आमच्या एचआरपर्यंत बातमी यायचीय. बहुतेक भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलीय.

टूलरूम_निवृत्त: बक्षिसाचं बोला. जॉब पकडायचं फिक्श्चर मी सुचवलं, फोटोत प्लँट हेड, मला कूपन. निळ्या एलईडीवाल्या शुजी नाकामुरांनाही कंपनीने आधी २० हजार येनच दिले होते. कोर्टात गेले, तेव्हा २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. जर्मनीत कामगाराच्या शोधाला मोबदला द्यायचा कायदा १९५७ पासून आहे. आपल्याकडे अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक ओळ: सुचेल ते कंपनीचं.

एचआर_बाणेर: लॅब कंपनीची, पैसा कंपनीचा, पगारही चालूच होता की.

टूलरूम_निवृत्त: आणि डोकं?

हिंजवडी_फेज३: काका, कूपन कितीचं?

टूलरूम_निवृत्त: अडीचशे. हातात पडलं तेव्हा मुदत संपलेली.

एचआर_बाणेर: बरं, एक मान्य. आमच्या सजेशन फॉर्मवर एम्प्लॉयी नंबर लागतो, टेम्पररींना तो नसतोच. बदलायला सांगते. झालं समाधान?

भोसरीकर: फॉर्म बदला हो, पण पोरगं कुठून आणणार?

टूलरूम_निवृत्त: आणि कूपन नको. पगारात टाका, पीएफ कापला तरी चालेल.