मदत हवी आहे: बालगृहातल्या सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या) मुलांना भरवताना ठसका लागतो

वाटीचमचा: दिव्यांग मुलांच्या बालगृहात ४ ते ७ वर्षांची तीन मुलं आहेत, कुणालाच आधाराशिवाय बसता येत नाही. मावशी मांडीवर आडवं घेऊन भरवतात. पाण्याने हमखास ठसका लागतो, जेवणानंतर आवाज घरघरतो. एकाला वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला. एका जेवणाला पाऊण तास जातो, तरी वजन वाढत नाही. मावशी दोघीच आहेत, त्यांना रोज जमेल असं सांगा.

गिळण: आडवं भरवणं आजपासूनच थांबवा. मान मागे गेली की गिळायच्या आधीच घास श्वासनलिकेकडे घरंगळतो. कॉर्नर चेअर (पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार देणारी कोनाची खुर्ची) उत्तम. नसेल तर हाताच्या खुर्चीत दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, कमरेला पट्टा, पायांखाली पाट. कंबर काटकोनात हवी, नाहीतर मूल ताठरून खाली घसरतं. मावशींनी समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसावं. उंचावरून चमचा आला की मूल हनुवटी वर करतं.

चमचा उथळ, मजबूत प्लॅस्टिकचा. घास अर्धा चमचा. जिभेच्या मध्यावर हलका दाब द्या, वरच्या दातांवर घास पुसू नका. चमचा चावला तर ओढू नका, जबडा सैल होईपर्यंत थांबा. गिळल्याशिवाय पुढचा घास नाही.

पातळ वरणात भाताची शितं सगळ्यात अवघड: पाणी आधी सरकतं, शीत मागे राहतं. सगळं एकजीव घोटा. नाचणीची पेज चालेल, पण उष्टा चमचा वाटीत गेला की लाळेने ती पातळ होते. म्हणून थोडी थोडी वेगळ्या वाटीत घ्या.

बालरोग_डॉ: दोनदा न्यूमोनिया झालेल्या मुलाला आधी दाखवा. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जातं. ते व्हिडिओफ्लुरोस्कोपीत (गिळतानाच्या हलत्या एक्स-रे तपासणीत) दिसतं. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीतून (मुलांच्या अपंगत्वावर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रातून) सुरुवात करा. ठसका लागू नये म्हणून पाणी किती घट्ट करायचं हे तिथल्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. वजन अडलेलंच राहिलं तर पोटातून नळीबद्दल (पोटावरून थेट जठरात बसवलेल्या, अन्न देण्याच्या नळीबद्दल) लवकर विचारा. ती शेवटचा उपाय म्हणून लांबवू नये.

जेवण अर्ध्या तासात थांबवा, त्यापुढे मूल थकतं आणि धोका वाढतो. त्याऐवजी दिवसातून ५-६ वेळा थोडं थोडं. एक चमचा तुपाने साधारण ४० कॅलरी वाढतात. झोपेत किंवा फिटच्या झटक्यानंतर गुंगीत असताना काहीही भरवू नका, औषधाचं सिरपसुद्धा. दात दोनदा घासा, तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात जातात.

वाटीचमचा: जेवणानंतर लगेच आडवं केलं तर?

गिळण: नको. किमान अर्धा तास त्याच खुर्चीत बसू द्या.