सासूबाईंच्या छातीच्या बोंडावरची खपली जात नाही, इसब की आणखी काही?

वडगावची सून

नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो, घरात माग आहेत. सासूबाई ५८ वर्षांच्या. उजव्या छातीच्या बोंडावर गेल्या उन्हाळ्यापासून खाज आणि खपली आहे. मला कळलं ते धुण्यामुळे. ब्लाऊजला आतून उजव्या बाजूला पिवळट डाग, कडेला तांबूस, चार आण्याच्या नाण्याएवढा, दर वेळी त्याच जागी. विचारलं तर म्हणाल्या, "मागाची धूळ आत जाते, त्यानं होतंय." बरंच मागे लागल्यावर दाखवलं. जुन्या धोतराची घडी आत ठेवतात, सकाळी ती चिकटलेली असते, कोमट पाणी लावून सोडवतात. खाली कातडी लालभडक, ओलसर. बोंड दुसऱ्या बाजूच्या मानाने चपटं झालंय असं मला वाटलं.

साबण बदलून झाला. मेडिकलमधनं ट्यूब आणली, आठवड्यात छान सुकलं. ट्यूब संपली आणि परत तेच, आता जरा जास्तच. गाठ हाताला लागत नाही. दुखत नाही म्हणतात, आग होते म्हणतात. हे इसबच ना? डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. "एवढ्याशा खाजेला ब्लाऊज काढू काय?" असं उलट मलाच विचारतात. घरात पुरुषमाणसांशी हे बोलायची सोय नाही, म्हणून इथे विचारते.

शिवारातला, येळ्ळूर

वैनी, घाबरू नका. आमच्या आईला पण झालेलं, दोन्हीकडे, नायलॉनच्या कपड्यानं. खोबरेल तेलात कडुलिंबाचा पाला कढवून लावला, कपडा बदलला, गेलं की. मोठ्या दवाखान्यात पाऊल टाकलं की टेस्टावर टेस्ट लिहून देतात.

चिक्कोडीच्या सिस्टर (निवृत्त)

भाऊ, तुमच्या आईंना दोन्हीकडे झालं आणि कपडा बदलल्यावर गेलं, ते इसबच असणार. इथे एकाच बाजूला आहे, महिनोन्‌महिने आहे आणि ट्यूब थांबली की परत येतंय. तेल नको.

सूनबाई, सासूबाईंना एक नीट विचारून घ्या: सुरुवात कुठे झाली? खुद्द बोंडावर, का भोवतीच्या काळ्या गोलावर? इसब बहुतेक करून गोलावर सुरू होतं, बऱ्याचदा दोन्हीकडे असतं आणि बोंड त्यातून सुटलेलं असतं. बोंडाच्या टोकावर सुरू होऊन हळूहळू बाहेर गोलाकडे पसरलं असेल, तर पॅजेटचा आजार नाही ना हे बघावंच लागतं. हा स्तनाच्या कॅन्सरचा दुर्मिळ प्रकार आहे, स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये एक ते चार एवढाच. तुम्ही लिहिलेलं पाझरणं, खपली, आग, चपटं झालेलं बोंड, हे सगळं त्यात बसतं. आहेच असं मी म्हणत नाही, लिहिलेलं वाचून कुणालाच सांगता येणार नाही. पण नाही असं म्हणायचं तर कातडीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय म्हणता येत नाही.

हे काही नवं ज्ञान नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलातले सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये लिहून ठेवलंय. पंधराएक बायकांमध्ये त्यांनी पाहिलं की आधी बोंडाची कातडी चिघळते आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर निघतो. आज माहीत आहे ते असं, की पॅजेट निघालेल्या बहुतेक बायकांच्या त्याच स्तनात आत कॅन्सर असतोच, कधी दुधाच्या नळ्यांपुरता, कधी पुढे गेलेला. गाठ मात्र साधारण निम्म्याजणींनाच लागते. त्यामुळे "गाठ नाही" यावर निश्चिंत होऊ नका. पुरुषांनाही होतो, क्वचित.

ट्यूबचं सांगते. मेडिकलवाले देतात त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. त्यानं लाली आणि खाज उतरते, वरची कातडी सुकते. खालचे कॅन्सरचे पेशी जिथल्या तिथे. आमच्या ओपीडीत निपाणीकडची एक विडी कामगार बाई यायची. वर्षभर अशाच ट्यूबा, तंबाखूच्या धुळीनं होतंय असं तीही म्हणायची. ज्या डॉक्टरकडे ती जायची त्यानं एकदाही ब्लाऊज काढायला सांगितलं नव्हतं, वरून ऐकून चिठ्ठी. बघायला नको म्हणणारी बाई आणि न बघता लिहिणारा डॉक्टर, दोघं मिळून वर्ष कसं घालवतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे नवीन आलेल्या लेडी डॉक्टरनं पहिल्याच दिवशी बघितलं आणि सर्जनकडे पाठवलं.

बायोप्सीच्या नावाला सासूबाई भितील, म्हणून सांगून ठेवा. सुई देऊन जागा बधिर करतात, पेनाच्या रिफिलएवढ्या गोल पात्यानं कातडीचा कण काढतात, लागला तर एखादा टाका. भरती व्हावं लागत नाही. सोबत दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी होईल. मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी तुकड्याचा रिपोर्ट आल्याशिवाय घरी बसू नका, पॅजेटमध्ये मॅमोग्राफीत काहीच न दिसणं होऊ शकतं.

खानापूरचा

सिस्टर म्हणतात ते बरोबर. आमच्या मावशीचं हेच होतं. बोंड आणि भोवतीचा गोल काढला, बाकी स्तन ठेवला, नंतर रेडिएशन. शनिवार-रविवार सोडून रोज जायचं, आठवडेच्या आठवडे. आजारापेक्षा एसटीनंच मावशीला दमवलं.

पैशाचं सांगतो, कारण ते कुणी नीट सांगत नाही. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी घ्या, म्हणजे तुम्हाला सिव्हिल. थेट मोठ्या हॉस्पिटलात जाऊन बसलात तर चिठ्ठीसाठी परत पाठवतील. बेळगावात केएलईचं कॅन्सर हॉस्पिटल आता झालंय, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती मुर्मूंनी उद्घाटन केलं तेच. चिक्कोडी, रायबाग बाजूचे लोक मिरजेला जातात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये त्यांची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, पण कागद कुठले चालतात ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या माणसाला, जाण्याआधी फोन करून विचारा. दोन राज्यांच्या भांडणात पेशंट खिडकीपाशी उभा राहतो, हे आपल्याला नवीन नाही. आणि कन्नड येणारं कुणीतरी बरोबर न्या. डॉक्टर मराठी बोलतात, फॉर्म बोलत नाहीत.

वडगावची सून

सिस्टर, विचारलं. बोंडाच्या टोकावरच सुरू झालं म्हणाल्या. तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, विडीवाल्या बाईचं ऐकल्यावर गप्प बसल्या, मग "सोमवारी जाऊया" म्हणाल्या. लेडी डॉक्टर असली तरच, अशी अट आहे. मला एकच भीती आहे, कॅन्सर निघाला तर पूर्ण छाती काढतात काय? त्यांनी विचारलं तर काय सांगू?

चिक्कोडीच्या सिस्टर (निवृत्त)

आत काय आणि किती पसरलंय त्यावर ठरतं. फक्त बोंडामागच्या भागात असेल तर खानापूरकरांच्या मावशीसारखं तेवढंच काढून रेडिएशन देता येतं. आत लांबवर किंवा दोन-तीन ठिकाणी असेल तर पूर्ण काढावा लागतो. काखेतली एखाद-दुसरी लसिका ग्रंथी (तिथं सगळ्यांनाच असते ती छोटी गाठ) पण तपासायला काढतात. नळ्यांच्या बाहेर गेलेलं नसेल तर बरं होण्याची आशा फार चांगली असते, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. पण आज त्यांनी विचारलं तर "आधी बघू दे" एवढंच म्हणा, अजून काही निघालेलं नाही.

लेडी डॉक्टरची अट चालेल. सिव्हिलमध्ये केस पेपर काढतानाच सांगा. आणि सर्जन पुरुष निघाला तर तुम्ही आत त्यांच्याजवळ उभ्या राहा, सिस्टर पण असतेच.

आजपासून ती ट्यूब बंद करा, डॉक्टरला खरं काय आहे ते दिसू दे. रिकामी असली तरी टाकू नका, बरोबर न्या, नाव वाचता आलं पाहिजे. डागाचा ब्लाऊज धुऊ नका, तो पण पिशवीत घाला. समोरून हुक असलेला ब्लाऊज घालायला लावा. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत, छातीवर पावडर नको, फोटोत ठिपके येतात. कुंकवाची काळजी नको, ते चालतं.